दोन मित्रदेशांच्या नेत्यांच्या वैयक्तिक मैत्रीचा देशाला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की मित्रराष्ट्रांचे नेते एकमेकांना मिठ्या मारतात, घरी जेवायला बोलावतात, त्याचा देशाला काही फायदा होतो की ते सगळं फोटोपुरतं असतं. माझ्या मते फायदा होतो. पण तो मैत्रीचा नसतो, मैत्री ताजी असताना दोघांनी जे कागदावर उतरवून ठेवलेलं असतं त्याचा असतो. मी अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतोय. म्हणून रोज आजूबाजूला दिसणारंच उदाहरण घेतो : फ्रान्सचे शार्ल द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, कोनराड आडेनावर.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा इकडे आले होते, तेव्हा त्यांना फ्रान्समधलं रँसचं कॅथेड्रल दाखवायला नेलं. दारासमोरच्या फरशीत एक कोरलेला दगड बसवलाय. लोक त्याच्यावरून सरळ चालत जातात. त्यावर द गॉलनी तिथल्या आर्चबिशपना उद्देशून काढलेले शब्द आहेत : चॅन्सेलर आडेनावर आणि मी फ्रान्स-जर्मनीच्या समेटावर मोहोर उमटवायला आपल्या कॅथेड्रलमध्ये आलो आहोत. खाली रविवार, ८ जुलै १९६२, ११ वाजून २ मिनिटं. शेजारी तोच मजकूर जर्मनमध्ये आहे, तो २०१२ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा बसवला. बाबा साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "तारीख ठीक आहे रे, पण मिनिटं कशाला?" मग स्वतःच म्हणाले, "पत्रिकेत मुहूर्त छापतात, तसं आहे हे."

जागाही साधी नव्हती. १९१४ च्या सप्टेंबरात जर्मन तोफांनी हेच कॅथेड्रल पेटवलं होतं. मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागतीवर सही केली तीही याच गावात. आणि तिथे हे दोघं शेजारी शेजारी प्रार्थनेला बसले. द गॉल १९१६ मध्ये व्हर्दनच्या लढाईत जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले होते आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत होते. आडेनावर कोलोनचे महापौर होते, नाझींनी त्यांना १९३३ मध्ये पदावरून हाकललं आणि १९४४ मध्ये तुरुंगात टाकलं.

पहिली भेट मात्र त्याच्या चार वर्षं आधीची. द गॉल नुकतेच पुन्हा सत्तेवर आले होते आणि आडेनावर त्यांच्याकडे जायला बिचकत होते, कारण महायुद्ध संपल्यावर ऱ्हाइन नदीकाठचा प्रदेश जर्मनीपासून तोडावा म्हणणारे हेच द गॉल. भेट पॅरिसच्या एखाद्या महालात ठेवता आली असती. द गॉलनी त्यांना कोलोंबे नावाच्या खेड्यातल्या आपल्या घरी बोलावलं, १४ सप्टेंबर १९५८ ला. आडेनावर ८२ वर्षांचे, द गॉल ६७ चे. रात्रीचा मुक्कामही तिथेच. एखाद्या परदेशी सरकारप्रमुखाला द गॉलनी घरी मुक्कामाला ठेवून घेतलं ते एवढंच. दोघं तासन्‌तास बोलले आणि आडेनावर निवळलेल्या मनाने परत गेले.

आता पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. पाहुणा घरी पोचून दोन दिवस होत नाहीत तोवर, १७ सप्टेंबरला, द गॉलनी अमेरिकेचे आयझेनहॉवर आणि ब्रिटनचे मॅकमिलन यांना एक गुप्त टिपण पाठवलं. मागणी काय, तर पाश्चात्त्य आघाडीचे मोठे निर्णय अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी मिळून घ्यावेत. जर्मनीचं त्यात नाव नाही. घरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आडेनावरना हे कळलं तेव्हा ते प्रचंड दुखावले, आणि का दुखावू नयेत? ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्यानेच पाठीमागे हे करावं! मला मात्र यात द गॉल खोटे वाटत नाहीत. स्नेह खरा होता आणि फ्रान्सचा स्वार्थही खरा होता. दोन्ही एकाच माणसात, एकाच आठवड्यात नांदत होते. नेत्यांच्या मैत्रीकडून अपेक्षा ठेवताना आपण हीच गोष्ट विसरतो.

आणि तरीही ती मैत्री कामाला आली. त्याच नोव्हेंबरात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी सहा महिन्यांची मुदत देऊन धमकी दिली की पाश्चात्त्य फौजांनी पश्चिम बर्लिन सोडावं. मॅकमिलन तडजोडीचा अंदाज घ्यायला मॉस्कोला गेले, द गॉल मात्र जर्मनीच्या बाजूने ठाम राहिले. आडेनावर ते विसरले नाहीत.

पुढे २२ जानेवारी १९६३ ला पॅरिसला या दोन देशांमधला मैत्रीचा एलिझे करार झाला. त्याचा मजकूर वाचून मी आधी निराश झालो होतो. भव्य असं काहीच नाही. सरकारप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा भेटायचं, परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी, संरक्षणमंत्र्यांनीही तसंच. एकमेकांची भाषा शाळेत शिकवायची आणि तरुण मुलांची देवाणघेवाण करायची. शाळेच्या फळ्यावरचं वेळापत्रकच जणू. आता मला वाटतं की त्या दोघांची खरी हुशारी इथेच होती.

कारण लगेचच सगळं बिनसलं. सही व्हायच्या आठवडाभर आधी द गॉलनी ब्रिटनला युरोपीय आर्थिक समुदायात घ्यायला जाहीर नकार दिला होता. जर्मन संसदेने करार मंजूर केला खरा, पण अमेरिका आणि नाटोशी असलेलं नातं सुटणार नाही, ब्रिटनलाही आत घ्यायचंय, अशी प्रस्तावना वर चिकटवून. द गॉल फार खट्टू झाले. करार म्हणजे तरुण मुली आणि गुलाब, टिकतात तोवर टिकतात, असं ते बोलून गेले. आडेनावरना गुलाबांचा भारी नाद, ऱ्होन्डॉर्फच्या घरी त्यांनी बाग केली होती. त्यांनी उत्तर दिलं की गुलाबातलं मला कळतं, ज्यांना जास्त काटे तीच झाडं जास्त चिवट, आणि माझी तर या थंडीतूनही छान तगली आहेत.

ऑक्टोबर १९६३ मध्ये आडेनावर पायउतार झाले. नंतर आलेल्या एरहार्ड यांचं मन अमेरिकेकडे, त्यांचं आणि द गॉलचं सूत कधी जुळलंच नाही. १९६६ मध्ये फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडला. दोन्हीकडे कुरबुरी, टोमणे. पण ठरलेल्या तारखा येत राहिल्या आणि न आवडणारी माणसं समोरासमोर बसत राहिली. मैत्री नसलेल्या काळात कागद उपयोगी पडला. जर्मन चॅन्सेलर कोल आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ १९८४ मध्ये व्हर्दनच्या दफनभूमीसमोर हातात हात धरून उभे राहिले तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या फोटोच्या मागे एकवीस वर्षांच्या अशा बैठका होत्या.

एक गोष्ट मान्य करायला हवी. सुरुवात नेत्यांनी केलेली नाही. आमच्या शेजारचं लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्समधलं माँबेलियार ही दोन गावं १९५० मध्येच 'जुळी शहरं' म्हणून जोडली गेली, फ्रान्स-जर्मनीतली अशी ही पहिलीच जोडी. त्याच लुडविग्सबुर्गला ९ सप्टेंबर १९६२ ला द गॉल आले आणि जर्मन तरुणांसमोर पाठ केलेलं भाषण जर्मनमधून बोलले. तुम्ही एका थोर राष्ट्राची मुलं आहात, ज्याने इतिहासात मोठ्या चुकाही केल्या, असं. जर्मन कैदेत राहिलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना, युद्धाच्या अपराधाखाली वाढलेल्या त्या मुलांना काय वाटलं असेल याचा मी खूपदा विचार करतो.

या करारातून उभ्या राहिलेल्या फ्रान्स-जर्मनीच्या युवक-कार्यालयातर्फे आजवर नव्वद लाखांहून जास्त मुलं इकडून तिकडे जाऊन आली. त्यातली एक गेल्या वर्षी आमच्याकडे आठवडाभर राहिली, माझ्या आठवीतल्या मुलीच्या शाळेची पाहुणी. पहिल्या सकाळी काय द्यावं म्हणून बायको गोंधळली आणि शेवटी आपली चपाती पुढे ठेवली. त्या मुलीने चपातीची सुरळी केली आणि कोको घातलेल्या दुधाच्या वाडग्यात बुडवून खाल्ली. तिच्या घरी पाव असाच बुडवतात म्हणे. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ही चहा-चपाती खाते!" दोघींची भाषा धड जुळत नव्हती, तरी त्या हसत सुटल्या.

मे महिन्यात माझी मुलगी तिच्या घरी राहून आली. पुढच्या वर्षीच्या तुकडीच्या तारखा शाळेने आत्ताच कळवल्या आहेत.