सहा दातांचं बाँडिंग: ठेव मोडायची, हप्ते घ्यायचे की थांबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वरच्या पुढच्या दोन दातांत सुमारे १ मिलिमीटरची फट आहे, शेजारच्या एका दाताचा कोपरा उडालाय आणि दात एकूणच पिवळट दिसतात. दंतवैद्यांनी वरच्या सहा दातांना बाँडिंग सुचवलंय, ‘सगळे एकसारखे दिसतील’ म्हणून. खर्च तुमच्या दीड महिन्याच्या घरखर्चाइतका. चार महिन्यांचा आपत्कालीन निधी मुदत ठेवींत आहे. त्यातली एक ठेव मोडावी की क्लिनिकचे बारा बिनव्याजी हप्ते घ्यावेत, असं तुम्ही विचारता. जाता जाता हेही लिहिलंय, की सकाळी उठल्यावर जबडा दुखतो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य हेच आहे. त्याकडे पुढे येतोच.

पैसे कुठून आणायचे, हे नंतर. आधी दात किती, ते ठरवू. हिशेबासाठी एका दाताच्या बाँडिंगची किंमत १०० धरा. म्हणजे सहा दातांचे ६००, तुमचा महिन्याचा घरखर्च ४०० आणि तुम्ही कळवल्याप्रमाणे दरमहा शिल्लक पडतात ६०.

बाँडिंग म्हणजे दातावर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिन, चिकटवून त्याला आकार देणं. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणावर, सुमारे ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिडचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुतात, सुकवतात. पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका दिसला की तो नीट खरबरीत झाला. त्यावर चिकटवणाऱ्या द्रावाचा पातळ थर, मग कंपोझिट फार तर २ मिलिमीटरच्या थरांत, आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा. शेवटी घासून आकार आणि पॉलिश. एका दाताला साधारण अर्धा ते एक तास लागतो, बहुधा भूल लागत नाही. ॲसिडनंतर त्या जागी लाळेचा थेंब जरी लागला तरी पकड कमजोर होते आणि काही महिन्यांत तुकडा निघून हातात येतो. म्हणून रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा, लावणार का, निदान दात कोरडा कसा ठेवणार, हे दराच्या आधी विचारा. एकाच बैठकीत घाईघाईने उरकलेले स्वस्तातले सहा दात सहसा इथेच महाग पडतात.

आता आयुष्य. बाँडिंग साधारण ३ ते १० वर्षं टिकतं. आपण ६ धरू. ६०० भागिले ६, वर्षाला १००. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात. पण कंपोझिटची चमक उतरते, चहा-कॉफी-तंबाखूचे डाग त्यात मुरतात, त्यामुळे वर्षाकाठी एकदा पॉलिश. सहा दातांचे ३० धरा. दोन वर्षांतून एखादा टवका उडेल, त्याची डागडुजी ५०, म्हणजे वर्षाला २५. एकूण वर्षाला १५५. सहा वर्षांनी पुन्हा ६०० समोर उभे राहतील, तेही दर वाढले नाहीत असं मानून. हा दुचाकीच्या टायरसारखा फिरून येणारा खर्च आहे, आणि त्याचा आकडा दातांच्या संख्येवर ठरतो.

तुमच्या सहांपैकी आकाराची अडचण किती दातांना आहे? तीन. फटीचे दोन आणि कोपरा उडालेला एक. उरलेले तीन दात फक्त रंगासाठी यादीत आलेत, आणि रंगासाठी व्हाइटनिंग पुष्कळ स्वस्त पडतं. मापाच्या ट्रेमध्ये जेल घालून घरी दोनेक आठवडे करायचं; खर्च ८० धरू. क्रम मात्र उलटा चालत नाही. कंपोझिट ब्लीच होत नाही, तेव्हा आधी दात उजळायचे, मग दोन आठवडे थांबायचं, मग उजळलेल्या रंगाशी जुळवून बाँडिंग. थांबायचं अशासाठी, की ब्लीचचा ऑक्सिजन दातात उरतो आणि रेझिनची पकड कमी करतो. शिवाय रंगही तोवर स्थिरावतो. पुढे वर्षा-दोन वर्षांनी दात जरा मंदावले, तर नुसतं जेल घ्यायचं, ट्रे बाँडिंगनंतरही नीट बसत असेल तर तोच वापरून.

फटीबद्दल एक बारकावा. पुढच्या दाताची रुंदी उंचीच्या साधारण ७५ ते ८० टक्के असली की तो डोळ्याला बरा वाटतो. तुमचा दात समजा ८ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा उंच आहे. फटीच्या दोन्ही दातांना अर्धा-अर्धा मिलिमीटर भरला तर प्रमाण ७६ वरून ८१ वर जातं. चालेल. फट २-३ मिलिमीटर असती तर दात फावड्यासारखे दिसले असते, आणि तेव्हा जागा चार दातांत वाटून देणं किंवा आधी तारांनी सरकवणं रास्त ठरलं असतं. तुमच्या दंतवैद्यांनी सहा दात अशा मोजमापाने सांगितले असतील तर माझं गणित बदलेल. त्यांना सरळ विचारा: ‘या प्रत्येक दातावर नेमकं काय करणार?’ उत्तर ‘शेड’, म्हणजे रंगछटा, एवढंच आलं, तर तो दात यादीतून काढा. ॲसिड न लावता कंपोझिट नुसतं बसवून मॉक-अपही करून दाखवता येतो. फोटो घ्यायचा आणि काढून टाकायचं.

आता तो दुखरा जबडा. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर बाँडिंगचे कडेचे तुकडे सगळ्यात आधी उडतात, कारण चावण्याचा भार कडेवर येतो. फटीतलं भरण बाजूला असतं, ते तुलनेने टिकतं. तुमच्या बाबतीत खरा धोका उडालेल्या कोपऱ्याला. तो मुळात उडाला कशाने, हेही तपासून घ्या. दात खाणं नक्की झालं तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं संरक्षक कवच, हवाच, त्याचे ८० धरा. गार्ड न घेता ६ वर्षांचं आयुष्य २-३ वर्षांवर आलं, तर सहा दातांचा वार्षिक खर्च दुपटीवर जातो. हे ८० तुम्हाला मिळालेल्या अंदाजपत्रकात नाहीत. बाँडिंगआधीच्या स्केलिंगचे, म्हणजे दातांवरचं किटण काढण्याचे, २०ही नाहीत. हिरडी सुजलेली, रक्त येणारी असेल तर कडेशी काम कोरडं राहत नाही, म्हणून तेही आधीच.

म्हणजे सहा दातांचं खरं बिल ७००. तीन दातांचा मार्ग असा: स्केलिंग २०, व्हाइटनिंग ८०, गार्ड ८०, बाँडिंग ३००, मिळून ४८०. तुमच्या दरमहा ६० च्या शिलकीतून बरोबर आठ महिने. ठेवीला हात लावायची गरजच पडत नाही, आणि स्केलिंग, व्हाइटनिंग, बाँडिंग, गार्ड ही कामंही त्याच आठ महिन्यांत पसरतात. नंतरचा वार्षिक खर्च, १५५ चे निम्मे आणि अधूनमधूनचं जेल धरून, साधारण ८५. महिन्याला ७ वेगळे टाकत गेलात तर पुढचं बाँडिंग अचानक अंगावर येणार नाही.

बिनव्याजी हप्त्यांचं म्हणाल, तर कागद पुन्हा वाचा. रोख दिले तर ५ टक्के सूट, म्हणजे ५७०. हप्त्यांत ५० चे बारा, शिवाय सुरुवातीला २ टक्के प्रक्रिया शुल्क, १२. रोखीच्या ५७० तून हे १२ वजा करा: तुम्हाला प्रत्यक्षात ५५८ उधार मिळतात आणि परत द्यायचे ६००. हा वर्षाला साधारण साडेतेरा टक्क्यांचा दर झाला. व्याज नाव बदलून आलंय, इतकंच. ठेव मोडणं याहून स्वस्त पडेल, पण तुमचा निधी चार महिन्यांवरून अडीचवर येतो. 

व्हिनिअरचंही, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ कवचाचंही, विचारलंय. पोर्सिलेनचं बहुधा दोन ते चारपट महाग आणि १० ते १५ वर्षं टिकणारं. तिप्पट दर आणि १२ वर्षं धरली तर दाताला वर्षाकाठी २५. बाँडिंगचे देखभालीसकट जवळपास २६. पैशात फरक नाही. पण व्हिनिअरसाठी सहसा इनॅमल घासावं लागतं, ते परत येत नाही, आणि तडा गेला की अख्खं बदलावं लागतं. बाँडिंगचा टवका त्याच दिवशी भरता येतो, नको झालं तर उतरवताही येतं. दात खाण्याचा प्रश्न सुटेपर्यंत व्हिनिअर नको.

बिल घेताना उडालेल्या कोपऱ्याची ओळ वेगळी मागा. विमा सौंदर्याच्या कामाला सहसा पैसे देत नाही, पण मोडलेल्या दाताची दुरुस्ती काही पॉलिसींत बसते. ‘सहा दात बाँडिंग’ अशी एकच ओळ असली तर तो दावाही हातचा जातो. आणि पहिल्या सहा महिन्यांत तुकडा निघाला तर फुकट लावून देणार का, हे त्याच कागदावर लिहून घ्या.