हिंगाची डबी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

काल फोनवर आईच्या आजाराचा विषय निघाला आणि तू आवाज एकदम खाली आणलास. 'बाजूला लोक आहेत, मावशी, नंतर बोलतो.' रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार झाला तेव्हा त्याच्या गोळ्या आम्ही हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवायचो, आल्यागेल्याला दिसू नयेत म्हणून. एके दिवशी त्याने गोळी हुंगली, 'यात काय कालवलंय?' म्हणाला आणि मोरीत फेकली. पुढे तीन आठवडे त्याने औषधाला हात लावला नाही. संशय हाच ज्याचा आजार, त्याला संशयाला जागा आम्हीच दिली, चार लोकांच्या भीतीने. गोळ्या त्यांच्या पाकिटातच ठेव बाळा.

सगळ्या गावाला सांगत बसू नकोस. पण एका माणसाला खरं सांग. तुझा धाकटा मामा हाकेला धावणारा आहे. त्याला म्हण, 'आईला स्किझोफ्रेनिया आहे, उपचार चालू आहेत. मंगळवारी संध्याकाळी दोन तास तिच्याजवळ बसशील?' नेमकं काम सांगितलं की माणसं येतात. 'दादा परगावी नोकरीला आहे' हे खोटं कोणाला काय सांगितलं ते आठवत मी किती वर्षं घालवली!

डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. अशाच एका स्वमदत गटात मी पहिल्यांदा बोलले, 'कधी कधी वाटतं, हा नसताच तर.' कोणी दचकलं नाही. शेजारच्या काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, 'मलाही वाटतं.' तेव्हा मी कितीतरी महिन्यांनी रडले.

तुझ्याही मनात असलं काही येत असेल. त्याने तू वाईट मुलगा ठरत नाहीस, तू दमला आहेस. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ वर फोन कर. टेलीमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा मोफत आहे, मराठीतही बोलतात, आणि ती आईइतकीच तुझ्यासाठीही आहे.

मामाशी बोललास की कळव. आणि रात्री नीट जेवतोस का, तेही लिही.

तुझी,
मावशी