शून्य ड्यूटी, तरी दारात ८३ युरो: आयर्लंड-ब्रिटन व्यापाराबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बहिणीच्या साखरपुड्यासाठी लंडनच्या दुकानातून २०० युरोंचा ड्रेस मागवला, टपालखर्च २० युरो. डब्लिनला पार्सल आलं तेव्हा ८३ युरो कर आणि वर हाताळणीची फी मागितली. ब्रिटन आणि युरोपीय संघात शून्य ड्यूटीचा, म्हणजे आयातकर न लावण्याचा, करार आहे ना? मग ही लूट कसली?

उत्तर: लूट नाही, पण तुम्हाला कुणी आधी सांगायला हवं होतं. २४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेला करार खरोखरच शून्य ड्यूटीचा आहे. मात्र ती सवलत ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात *बनलेल्या* मालाला मिळते, ब्रिटनमधून *आलेल्या* मालाला नाही. तुमच्या ड्रेसचं लेबल पाहा. ‘मेड इन इंडिया’ असणार. लंडनच्या गोदामात तो वर्षभर पडून असला तरी ब्रिटिश होत नाही.

आता हिशेब. तयार कपड्यांवर युरोपीय संघाची ड्यूटी साधारण १२ टक्के. टपालासह २२० युरोंवर ती झाली २६.४०. मग २४६.४० वर आयर्लंडचा २३ टक्के व्हॅट, म्हणजे ५६.६७. बेरीज ८३.०७. आकडा बरोबर आहे.

खरा तोटा बहुधा दुसरीकडे झाला आहे. माल निर्यात होत असेल तर दुकानदाराने ब्रिटनचा २० टक्के व्हॅट लावायचा नसतो. पुष्कळ छोटे दुकानदार वेबसाइटवरची व्हॅटसकट किंमतच घेतात आणि गिऱ्हाईक दोन्हीकडे कर भरतं. तुमचं इनव्हॉइस काढा. त्यात ब्रिटिश व्हॅट दिसला तर आजच दुकानदाराला लिहा आणि परत मागा. संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

१५० युरोंपर्यंतच्या मालावर आतापर्यंत फक्त व्हॅट लागायचा, ड्यूटी माफ होती. ही माफी काढून टाकायचं युरोपीय संघाने २०२५च्या अखेरीस ठरवलं आहे, त्यामुळे जुन्या सल्ल्यावर विसंबून मागवू नका. लहान मुलांच्या कपड्यांवर मात्र आयर्लंडमध्ये व्हॅट शून्यच आहे.

प्रश्न: गाडी घेऊन होलीहेडहून फेरीने डब्लिनला येतो आहोत. लंडनहून तूप, पनीर आणि ताजा कढीपत्ता आणला तर चालेल का?

उत्तर: नाही. ग्रेट ब्रिटनमधून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानात आणायला बंदी आहे, घरी खाण्यापुरते असले तरी. कढीपत्त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन ही पाच फळं तेवढी त्यातून सुटली आहेत. मसाल्याची कोरडी पाकिटं आणा, नारळ आणा. तूप घरीच कढवा, आयर्लंडचं लोणी त्यासाठी उत्तम आहे.

प्रश्न: मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवते. आयर्लंड युरोपीय संघात आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये असताना दोघांच्या सीमेवर तपासणी नाके का नाहीत, हे विद्यार्थ्यांना पटत नाही.

उत्तर: त्यांना गिनेसच्या टँकरची गोष्ट सांगा. बिअर डब्लिनला तयार होते, टँकरने उत्तरेला बेलफास्टला डबाबंद व्हायला जाते आणि डबे पुन्हा दक्षिणेला विक्रीला येतात. उत्तरेच्या गोठ्यांमधलं दूधही मोठ्या प्रमाणात दक्षिणेच्या कारखान्यांत जातं. सीमा जवळपास ५०० किलोमीटर लांब, आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. काही शेतं तर अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तिथे नाके उभे करणं म्हणजे हे सगळं थांबवणं, शिवाय १९९८च्या शांतता करारानंतर बसलेली घडी विस्कटणं. त्या भागातल्या माणसांनी सैनिकी चौक्यांची तीस वर्षं पाहिली आहेत. माझ्या मते ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडतानाच्या, वाटाघाटींत जपण्यासारखी गोष्ट हीच होती आणि ती जपली गेली.

किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागली. उत्तर आयर्लंड *मालाच्या* बाबतीत युरोपीय संघाचेच नियम पाळतं, म्हणून तपासणी समुद्रावर, म्हणजे ग्रेट ब्रिटनहून बेलफास्टला येणाऱ्या मालावर आली. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या फेब्रुवारी २०२३च्या विंडसर समझोत्याने तिचे दोन भाग केले: उत्तर आयर्लंडमध्येच विकायचा माल हिरव्या मार्गाने, थोड्या कागदांवर, पुढे दक्षिणेला जाऊ शकणारा माल लाल मार्गाने, पूर्ण कागदांसह. एक बारकावा विद्यार्थ्यांना जरूर सांगा: ही व्यवस्था फक्त मालाची आहे. सेवांच्या बाबतीत उत्तर आयर्लंड पूर्णपणे ब्रिटनबरोबर, युरोपीय संघाच्या बाहेर.

प्रश्न: या दोन देशांत व्यापारयुद्ध झालं होतं म्हणे?

उत्तर: झालं होतं, १९३२ ते १९३८. आयरिश शेतकऱ्यांच्या जमीनखरेदीच्या जुन्या कर्जाचे हप्ते आयर्लंडचे तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी ब्रिटनला द्यायचे थांबवले. ब्रिटनने आयर्लंडच्या गुराढोरांवर जबर कर बसवला आणि भाव कोसळले. १९३५मध्ये ‘आमचा कोळसा घ्या, तुमची गुरं घेतो’ असा ब्रिटनशी तोडगा निघाला, आणि १९३८मध्ये एक कोटी पौंड एकरकमी देऊन वाद मिटला. तेव्हा आयर्लंडची जवळजवळ सगळी निर्यात ब्रिटनलाच जायची, म्हणून घाव शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचला. दोन्ही देश १ जानेवारी १९७३ला एकाच दिवशी युरोपीय समुदायात शिरले आणि त्यानंतर आयर्लंडला इतर बाजार मिळत गेले.

प्रश्न: मी भारतीय नागरिक, डब्लिनला स्वतःची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. लंडनच्या एका कंपनीचं काम मिळतंय. व्हॅट कसा लावू? महिन्यातून दोनदा तिकडे जावं लागेल, त्याचं काय?

उत्तर: व्हॅटचं सोपं आहे. गिऱ्हाईक कंपनी असेल तर अशी सेवा गिऱ्हाइकाच्या देशात दिली असं धरतात. इनव्हॉइसवर आयरिश व्हॅट लावू नका. लंडनची कंपनी ब्रिटिश व्हॅट आपल्याकडे ‘रिव्हर्स चार्ज’ने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने लावून, दाखवेल, आणि तसं इनव्हॉइसवर लिहा. सॉफ्टवेअरला ना ड्यूटी, ना बंदर. लोकांची वैयक्तिक माहिती हाताळत असाल तर ब्रिटनचे नियम पुरेसे असल्याचं युरोपीय संघाने जून २०२१मध्ये मान्य केलं आणि ती मान्यता पुढे वाढवली, त्यामुळे ती माहिती ब्रिटनला पाठवण्यासाठी तूर्त वेगळे करार लागणार नाहीत.

अडचण प्रवासाची आहे आणि इथे आपली माणसं फार फसतात. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये कुठेही राहण्या-काम करण्याचा हक्क फक्त त्या दोन देशांच्या नागरिकांना आहे. तुमच्याकडे आयर्लंडचं निवासपत्र असलं तरी लंडनला जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. बेलफास्टलाही लागतो. डब्लिनहून बेलफास्टची गाडी पकडली की वाटेत सहसा कुणी पासपोर्ट मागत नाही, म्हणून लोक व्हिसा लागतच नाही असं समजतात; चुकून पकडले गेले तर पुढच्या व्हिसा अर्जांत ते अडचणीचं ठरू शकतं. कामाची बोलणी पक्की करण्याआधी व्हिसाचा अर्ज करा आणि पहिल्या दोन महिन्यांच्या बैठका व्हिडिओवर ठेवा.