विकायच्या घरावर साडेसात लाख घालावेत का?

प्रश्न : नाशिकला आमचं २२ वर्षांचं रो-हाऊस आहे. आम्ही दोघं निवृत्त आहोत. मुलीजवळ पुण्याला राहायचं म्हणून घर विकतोय. आज ७२ लाख मिळतील, पण दर्शनी भाग नवा केला (भिंतीवर दगड-टाइल्सचं आवरण म्हणजे क्लॅडिंग; शिवाय स्टीलचं गेट, पेव्हर ब्लॉक, रंग) तर ८० सहज येतील, असं एजंट म्हणतो. खर्च साडेसात लाख. बचत खात्यात दोन लाख आहेत, बाकी सगळं एफडीत. एफडी मोडावी का?

उत्तर : ताई, मोडू नका. एजंटचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं तरी ८० मधून साडेसात गेले की साडेबहात्तर उरतात. म्हणजे फायदा ५० हजारांचा. त्यातून मुदतीआधी एफडी मोडल्याचं घटलेलं व्याज आणि दंड वजा करा, शिवाय काम चालू असतानाचे दोन-तीन महिने. आणि ८० नाही आले तर? निवृत्तीनंतरचे पैसे तेवढ्यावर लावावेत असं मला वाटत नाही.

ते न येण्याचं कारण खरेदीदाराच्या बँकेत आहे. घर घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढतो, आणि बँक आपला मूल्यांकनकार पाठवते. तो जागेचा दर, बांधकामाचं क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि मंजूर नकाशा बघतो. क्लॅडिंगमुळे २२ वर्षांचं घर त्याच्या कागदावर १२ वर्षांचं होत नाही. समजा त्याने ७२ लाखच लिहिले. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे ५७ लाख ६० हजार. सौदा ७२ ला ठरला तर त्याला पदरचे १४ लाख ४० हजार घालावे लागतात. ८० ला ठरला तर २२ लाख ४० हजार. वरचे आठ लाख सगळे त्याच्या खिशातून, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी वेगळीच. कितीही आवडलं तरी इथे माणूस मागे सरतो.

मग काहीच करू नका का? तसं नाही. तुमच्या फोटोत छज्ज्याखाली काळपट ओघळ दिसतात आणि गेटची खालची पट्टी गंजून सुटली आहे. बघायला येणारा गेटपाशी उभा राहून कुलूप उघडायची वाट बघतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नेमकं हेच असतं. ओल दिसली की तो मनात गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, सगळ्याचा खर्च धरतो आणि भाव पाडून मागतो. ते थांबवायला पैसे घाला. आधी पाणी कुठून येतं ते शोधून बंद करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मगच रंग. ओल्या भिंतीवर घाईने दिलेला रंग पोपडे धरतो आणि गिऱ्हाइकाचा संशय वाढतो. गेट बदलू नका, वेल्डिंग करून रंगवा. अंगणातली मोडकी कपाटं, जुनं सामान काढा. हे सगळं सव्वा लाखाच्या आत बसवा, बचत खात्यातून.

करात सवलत मिळेल म्हणून खर्च वाढवू नका. घर विकून होणारा भांडवली नफा मोजताना रंगरंगोटी दुरुस्तीतच जाते, ती सुधारणेचा खर्च म्हणून धरता येत नाही. पूर्वी वाढीव खोली किंवा कंपाउंडची भिंत बांधली असेल, तर त्याची बिलं मात्र आत्ताच शोधून ठेवा.

एक गोष्ट मला रंगापेक्षा जास्त खटकते. पार्किंगवरची पत्र्याची शेड मंजूर नकाशात आहे का? नसेल तर बँकेचा माणूस सामासिक जागेतलं (घराभोवती मोकळी सोडायच्या जागेतलं) बांधकाम म्हणून तिची नोंद करेल आणि कर्ज अडकू शकेल. नियमित करता येते का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. नाही तर काढून टाका. नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, मिळकत पत्रिका आणि घरपट्टीची पावती एका फाइलमध्ये लावा. रंगाऱ्याला बोलावण्याआधी हे करा.

आणि पेव्हर ब्लॉकसाठी जुईचा मांडव काढायचा म्हणतोय ना कंत्राटदार, तो राहू द्या.