पिल्लू आणण्याआधी, भाऊजींसाठी

अगं, भाऊजींच्या पीटीएसडीसाठी (म्हणजे मनावरच्या जुन्या आघाताच्या त्रासासाठी) कुत्र्याचं पिल्लू आणायची घाई करू नकोस. आधी भाऊजींचे उपचार चालू राहू देत. गोळ्या आणि समुपदेशन यांची जागा कुत्रा घेत नाही.

झोपेत ओरडणं, हात थरथरणं, श्वास वाढणं, हे ओळखायला कुत्र्याला शिकवतात. मग तो नाकानं ढोसून जागं करतो, मांडीवर किंवा छातीवर अंगाचा भार टाकून पडून राहतो. त्या भारानं माणूस भानावर येतो. आमच्या ह्यांना आमच्या कुत्र्यानं पहिल्यांदा असं जागं केलं, त्या रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. पण हे शिकायला दीड-दोन वर्षं जातात, आणि सगळेच कुत्रे त्यात टिकत नाहीत. शांत स्वभावाचा लॅब्रेडोर बघ. फटाका वाजला की पलंगाखाली शिरणारा नको. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगांची मोठी मिरवणूक) निघते ना, त्या दिवशी मात्र भाऊजी आणि कुत्रा दोघांनाही घरीच ठेव.

खाऊ घालणं, फिरवणं भाऊजींनीच करावं, तू मायेनंसुद्धा मध्ये पडू नकोस. कुणीतरी पट्टा तोंडात धरून पलंगाशी उभं राहिलं, की उठावंच लागतं. अमेरिकेत तर २०२१ च्या कायद्यानं पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांना असे कुत्रे शिकवण्याचं कामच उपचार म्हणून देण्याचा प्रयोग सुरू केला.

आणि महूच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर फिरवून आणा, नंतर डांबरानं त्याचे पंजे भाजतात.