इंग्लिशमध्ये गिफ्ट म्हणजे भेट आणि जर्मनमध्ये विष, हा निव्वळ योगायोग आहे का?

योगायोग अजिबात नाही, शब्द एकच आहे. आणि तुम्ही पुढे विचारलंय की जर्मनीतल्या मित्राला पाठवायच्या खोक्यावर 'गिफ्ट' लिहिलं तर चालेल का, तर बिनधास्त लिहा, तिकडे सगळेच शाळेत इंग्लिश शिकतात, कोणी पोलीस बोलावणार नाही, फारतर हसतील. हौस असेल तर 'गेशेंक' लिहा, भेटवस्तूला जर्मनमध्ये तो शब्द आहे.

मी आधी जर्मन शिकलो आणि आता स्वीडनमध्ये राहतो त्यामुळे या शब्दाशी दोन्हीकडून गाठ पडलीय. जर्मनीत उंदराच्या औषधाला 'राटेनगिफ्ट' म्हणतात, विषारी अळंबी म्हणजे 'गिफ्टपिल्त्स', आणि पोराने घरातलं भलतंसलतं काही प्यायलं तर ज्या हेल्पलाइनला फोन लावायचा ती 'गिफ्टनोटरुफ'. इथवर ठीक आहे, पण स्वीडिशमध्ये खरी गंमत. लिहायचं तसंच पण उच्चार 'यिफ्ट', आणि अर्थ दोन, एक विष आणि दुसरा विवाहित! म्हणजे 'मी यिफ्ट आहे' म्हटलं की माझं लग्न झालंय, आणि लग्न झालं नसेल तर 'ऊयिफ्ट'. यावरचे विनोद स्वीडिश लोक स्वतःच इतके करतात की तुम्हाला नवा सुचणं अवघड आहे. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही हेच दोन अर्थ.

आता हे झालं कसं. सगळ्याच्या मुळाशी 'देणे' हे क्रियापद आहे, इंग्लिशचं गिव्ह, जर्मनचं गेबेन, आणि त्याचं नाम म्हणजे गिफ्ट, 'जे दिलं ते'. मग कोणी काय दिलं त्यावर अर्थ फुटले.

लग्नाचा अर्थ आपल्याला तर समजवायलाच नको. 'धाकटीला कुठे दिली?' 'साताऱ्याला दिली' हे आपण आजही बोलतो ना, तसंच जुन्या स्वीडिशमध्ये मुलगी देणं म्हणजे तिचं लग्न लावणं, आणि पुढे दिली गेलेली ती 'गिफ्ट', मग नवरापण 'गिफ्ट'. आणि हे फक्त तिकडेच नाही, जुन्या इंग्लिशमध्येसुद्धा या शब्दाचा नोंदलेला अर्थ बायकोसाठी दिलेली किंमत असा आहे आणि त्याचं अनेकवचन म्हणजे चक्क लग्न! त्या इंग्लिशमध्ये उच्चारही 'यिफ्ट'सारखाच होता. आज जो पक्का 'ग' ऐकू येतो आणि भेटवस्तू हा अर्थ, ते दोन्ही इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात 9व्या शतकापासून वस्ती केलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलंय असं मानतात. म्हणजे स्कँडिनेव्हियाने इंग्लिशला ग दिला आणि पुढे स्वीडिश लोक स्वतः य म्हणायला लागले, भाषांचं असंच असतं.

विषाचा रस्ता वेगळा, आणि मला विचाराल तर तोच जास्त भारी. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं, आणि वैद्य लोक तोच शब्द एका वेळी द्यायच्या औषधासाठी वापरायला लागले, आपला 'डोस' तोच. (त्याचा धातू आणि संस्कृतचा दा, म्हणजे दान आणि आपलं देणे, हे सख्खे नातेवाईक आहेत. गिफ्टचा धातू मात्र वेगळा.) लॅटिनमधून तो दोसिस जर्मन लोकांपर्यंत गेला आणि त्यांनी त्याच्या धर्तीवर आपला 'गिफ्ट' वापरला, दिलेलं औषध या अर्थी. आणि विषाचं नाव सरळ घ्यायला माणूस कचरतोच, आपणही 'त्याला कोणीतरी काहीतरी दिलं असणार' एवढंच दबक्या आवाजात बोलतो आणि समोरच्याला बरोब्बर कळतं. तसंच तिथे झालं, आणि हळूहळू तो आडपडदाच मुख्य अर्थ होऊन बसला आणि भेट हा अर्थ भाषेतून हद्दपार झाला. अगदी पूर्ण नाही, 'मिटगिफ्ट' मध्ये उरलाय, मिट म्हणजे सोबत, मुलीसोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. हुंड्यात विष सापडलं की आपल्याकडच्या लोकांना ते लगेच पटतं पण इथे मूळ अर्थ साधाच आहे.

स्कँडिनेव्हियात विषवाला अर्थ नंतर जर्मन बाजूने आला आणि लग्नवाला आधीपासून घरचाच होता, म्हणून तिथे दोघं एकाच स्पेलिंगमध्ये नांदतायत. डच लोकांनी मात्र शहाणपणा केला, त्यांच्याकडे 'गिफ्ट' म्हणजे देणगी आणि विष म्हणजे 'गिफ', शेवटचा ट काढून टाकला, भांडण मिटलं. (त्यांचा ग घशातून खरवडून काढायचा असतो ते वेगळं.)

'जर्मन राजे भेट म्हणून विष पाठवायचे म्हणून असं नाव पडलं' अशी एक गोष्ट फिरत असते, ती सोडून द्या. असं आडून बोलणं फक्त जर्मनांचंही नाही. इंग्लिशचा पॉयझन फ्रेंचमधून आलाय आणि त्याचं मूळ लॅटिनचं 'पोतिओ', म्हणजे फक्त पेय, पिण्याची गोष्ट, पोशन हा शब्द त्याचाच जुळा भाऊ. आणि फ्रेंचमध्ये लिहिताना त्यात एक एस जास्त पडला की विषाचा मासा होतो, तेव्हा हॉटेलात मेन्यू वाचताना जरा जपून.