मार्खाचा चार्ट आणि 'खाली आणायचं कोण ठरवणार' हा प्रश्न

लडाखमधल्या मार्खा व्हॅली ट्रेकसाठी कंपनीने दिलेला, तुम्ही इथे टाकलेला दिवसवार चार्ट वाचला. सकाळच्या फ्लाइटने दिल्लीहून लेह, त्याच दुपारी शांती स्तूप आणि लेह पॅलेस, दुसऱ्या दिवशी गाडीने खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) गाठून परत, तिसऱ्या दिवशी चिलिंगवरून मार्खा व्हॅलीत शिरून स्क्यू, मग मार्खा, हांकर, निमालिंग, खिंड ओलांडून हेमिस आणि दुसऱ्या दिवशी परतीची फ्लाइट. सोबत साठीतले सासरे. आणि कंपनी म्हणतेय उंचीची सवय होण्यासाठी रेस्ट डेची गरज नाही, ऑक्सिजन सिलिंडर असतो बरोबर. अहो, हाच कागद! कंपनी वेगळी असेल, पण आम्हालाही जवळजवळ हाच कागद पाठवला होता, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

बूट, थर्मल, सनस्क्रीन, पाणी भरपूर प्या वगैरे लिहीत नाही, ते सगळीकडे मिळेल. आधीच सांगते की मी डॉक्टर नाही, औषधांचं काय ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि सासऱ्यांना बीपीची गोळी असेल तर नक्कीच. डायमॉक्स (उंचीच्या त्रासासाठीची गोळी) कुणी सुचवलं तर सल्फाची ॲलर्जी आहे का ते डॉक्टरांना आधी सांगा, हे बरेच जण विसरतात.

आता चार्ट. त्यात प्रेक्षणीय स्थळं सोडून द्या आणि प्रत्येक रात्रीपुढे फक्त झोपायची उंची लिहा. लेह साधारण ३,५०० मीटर, स्क्यू त्याहून थोडं खाली, मार्खा गाव साधारण ३,७५०, हांकर ४,००० च्या आसपास, निमालिंग ४,७०० च्या वर. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे त्याच उंचीवर काढावी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. तुमच्या चार्टमध्ये हांकर ते निमालिंग ही उडी कशी बसते ते बघा. मध्ये थाचुंगत्से नावाचा कॅम्प आहे, साधारण ४,२०० मीटरवर, ओढ्याकाठी मस्त जागा आहे. तिथे एक रात्र टाकली की बरंच सुसह्य होतं, पण कंपन्या तो मुक्काम उडवतात कारण एक दिवस वाढला की घोडे, कूक, गाइड सगळ्यांचा एकेक दिवस वाढतो.

आणि सह्याद्रीत फिरलोय, आमचा स्टॅमिना चांगला आहे, असं तुम्ही लिहिलंय. असेलच. पण कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तुम्ही लेहच्या विमानतळावर उतरता तेव्हाच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असता. फिटनेसने गुडघे वाचतात, उंची लागायची ती लागतेच, उलट फिट माणसं पहिल्याच दिवशी भराभर चालतात आणि आधी आडवी होतात.

आमचं काय झालं ते सांगते म्हणजे मी कुठल्या गोष्टीवर अडून बसलेय ते कळेल. आमच्या मूळ चार्टमध्ये लेहला पूर्ण विश्रांतीचे दिवस होते. पैसे भरून झाल्यावर, निघायच्या थोडं आधी, कंपनीच्या ऑफिसातून मेल आला की ग्रुपची तारीख ॲडजस्ट केली आहे, 'मायनर चेंज'. मायनर म्हणजे काय तर विश्रांती गायब आणि त्या जागी खारदुंग ला. मी फोन केला तर पलीकडची बाई अगदी गोड आवाजात, मॅडम खारदुंग ला गेलात की तुमचं ॲक्लमटायझेशनच (म्हणजे शरीराला उंचीची सवय) होतं ना! (खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. पण दुसऱ्याच दिवशी तिथे वर जाऊन मॅगी खाणाऱ्याला तेवढा फरक कळत नाही, डोकं तेवढंच दुखतं.) तारीख बदलून द्या म्हटलं तर फिक्स डिपार्चर आहे, कॅन्सलेशन चार्जेस लागतील. गेलो मग.

माझी आतेबहीण स्क्यूपासूनच नीट जेवत नव्हती. हांकरला रात्रभर उलट्या. सकाळी होमस्टेच्या उंबऱ्यात बसून तिने बुटाची नाडी बांधायला घेतली आणि ती तशीच दोन्ही हातांत धरून बसून राहिली. काय करायचंय तेच तिला सुचेना. मी म्हटलं अगं बांध की, तर माझ्याकडे बघून हसली. तो चेहरा विसरत नाही मी. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असं गोंधळणं, चालताना तोल जाणं ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असू शकते, त्यावेळी वाट बघायची नसते, खाली न्यायचं असतं.

आणि आम्ही वाट बघत बसलो. कारण गाइड, बिचारा विशीतला पोरगा, म्हणाला घोडा वापरायचा तर ऑफिस से पूछना पड़ेगा. घोडे सामानाचे, एक घोडा खाली गेला की दुसऱ्यांचं सामान अडणार, आणि खालून जीप मागवली तर ती कुणाच्या खात्यात, हे त्याला ठरवायचा अधिकारच नव्हता. विचारायचं कसं, तर फोन लागत नव्हता. मग तो सिग्नल शोधत वरच्या पडक्या किल्ल्याकडे गेला, परत आला, घोडेवाल्याशी बोलला, घोडेवाला म्हणाला मेरे को लिख के दो. ऊन डोक्यावर आलं. शेवटी होमस्टेची आमा-ले (घरची मालकीण), जी तोवर नुसती बघत होती, ती उठली, शेजारच्या शेतात कुणाला तरी हाक मारली, त्याचा घोडा आणवला आणि गाइडला लडाखीत जे काय सुनावलं त्यातलं मला फक्त 'ऑफिस' कळलं. स्क्यूला पोचेपर्यंत बहीण स्वतःहून बोलायला लागली होती. उंची कमी झाली की माणूस इतक्या लवकर सुधारतो हे डोळ्यांनी बघितल्यावर त्या वाया गेलेल्या सकाळचा संताप जास्तच येतो.

एवढ्यावर संपलं नाही. लेहला परतल्यावर कंपनीच्या माणसाने सहीसाठी एक फॉर्म पुढे केला, त्यात छापील वाक्य, 'सहभागीने स्वेच्छेने ट्रेक सोडला.' बहिणीने दमलेल्या अवस्थेत सही केली आणि त्या एका ओळीवर पुढचे सगळे मेल अडले. रिफंड नाही, कारण स्वेच्छा. घोडा आणि जीपचे पैसे वेगळे, कारण स्वेच्छा. इन्शुरन्सवाल्यांनी तोच फॉर्म मागितला आणि तेच उत्तर दिलं, वर एवढ्या उंचीचा ट्रेक पॉलिसीत बसत नाही हेही ऐकवलं. ऑफिसात जाऊन बसले तर एक जण म्हणतो अकाउंट्सला भेटा, अकाउंट्स म्हणतं ऑपरेशन्सचं अप्रूव्हल आणा, आणि ऑपरेशन्सचे साहेब कायम 'फील्डवर'. फील्डवर असते तर बरंच झालं असतं की. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केल्यावर घोड्याचे पैसे तेवढे परत आले, बाकी पाण्यात.

म्हणून माझं म्हणणं, ऑक्सिजन सिलिंडर आहे का हे विचारूच नका. सगळे आहे म्हणतात. स्प्रेच्या डब्यासारखे ते छोटे कॅन तर काही मिनिटांत संपतात, आणि मोठा सिलिंडर असला तरी तो खाली नेईपर्यंतची सोय आहे, वर चढत राहण्याचा परवाना नाही. त्याऐवजी मेलवर हे विचारा: एखाद्याला खाली न्यायचं हे जागेवर गाइड एकटा ठरवू शकतो का, त्यासाठी रिकामा घोडा सोबत असतो का, घोडा आणि जीपचा खर्च कोण देणार, आणि उरलेला ग्रुप पुढे नेणारा दुसरा माणूस आहे का. फोनवर 'हो हो मॅडम, डोन्ट वरी' आलं आणि मेलवर उत्तर आलं नाही, तर मी तरी ॲडव्हान्स भरणार नाही. हे माझं मत हं, चांगल्या कंपन्याही आहेत, लेहमधल्या स्थानिक लोकांच्या छोट्या एजन्सी तर बरेचदा जास्त समजूतदार असतात कारण घोडेवाला त्यांच्याच ओळखीतला असतो.

मार्खाच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण या दरीची रचनाच तशी आहे. हांकरपर्यंत काही झालं तर नदीच्या कडेने आल्या वाटेने खाली जाता येतं. निमालिंगला पोचल्यावर पुढे बाहेर पडायचं तर आधी कोंगमारू ला चढावी लागते, साधारण ५,२०० मीटर, म्हणजे आजारी माणसाला खाली न्यायला आधी अजून वर न्यायचं. मागे फिरावं तर वाट लांब. तेव्हा पुढे जायचं की नाही याचा निर्णय हांकर किंवा फार तर थाचुंगत्सेला करा, निमालिंगला नाही. ऑक्सिमीटरच्या आकड्यापेक्षा माणसाकडे बघा: जेवतोय का, विनोदाला हसतोय का, जमिनीवर रेघ ओढली तर टाचेला अंगठा लावत सरळ चालता येतंय का. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा ओला खोकला येत असेल तर चर्चा बंद, खाली.

तुमची खरी अडचण मला वाटतं अशी आहे की रेस्ट डे म्हणजे सुट्टी वाया, आणि गोंपा (बौद्ध मठ) तर बघायचेच आहेत. पण गोंपांसाठी तेच दिवस वापरायचे ना! लेहला उतरल्यावर पहिला दिवस खरंच झोपा, शांती स्तूपाच्या पायऱ्यांकडे बघूसुद्धा नका. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने थिकसे, सकाळची प्रार्थना चालू असते, लहान लामा पेंगत पेंगत लोणी घातलेला चहा वाढत फिरतात. तिथला मैत्रेय बुद्ध दोन मजली उंच आहे, नजर आपोआप वर जाते. तिसऱ्या दिवशी आल्ची, ते लेहपेक्षा खाली आहे म्हणजे तब्येतीलाही बरं, आणि तिथल्यासारखी आठ-नऊशे वर्षांपूर्वीची भिंतचित्रं फार थोड्या गोंपांत बघायला मिळतात. आत फोटो काढू देत नाहीत, वाद घालू नका. हेमिस शेवटी ठेवा, ट्रेक शांग सुमदोला संपतो तिथून ते जवळच आहे. हेमिसचा उत्सव तिबेटी पंचांगानुसार पाचव्या महिन्याच्या दशमीला असतो, त्यामुळे तारीख दरवर्षी जून-जुलैत सरकते, ती आधी पक्की करून मगच तिकिटं काढा. तिथला मोठा थांगका (कापडावरचं भव्य धार्मिक चित्र) मात्र बारा वर्षांतून एकदाच उलगडतात, २०१६ ला झाला, आता २०२८, तेव्हा एजंटने यंदाच दाखवतो म्हटलं तर समजून जा. ट्रेकमध्ये मार्खा आणि हांकरच्या मध्ये कड्यावर तेचा गोंपा आहे, चढ छोटा पण उभा आहे, आणि किल्लीवाला लामा खाली शेतात असू शकतो, चढायच्या आधी विचारून घ्या. मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायचं, आणि कोरलेला दगड आठवण म्हणून उचलू नका, प्लीज.

सासऱ्यांसाठी मी तर सुचवेन की जाताना विमानाने जाऊच नका. श्रीनगरहून कारगिलला मुक्काम (साधारण २,७०० मीटर), मग लामायुरू, आल्ची करत लेह. वाटेत झोजी ला आणि फोतू ला लागतात पण तिथे झोपायचं नसतं, आणि गोंपा आपसूक होतात. मनालीहून मात्र नको, सरचूला ४,२०० मीटरच्या वर तंबूत पहिलीच रात्र काढणं म्हणजे हौसेने आजार विकत घेणं.

बारीकसारीक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या, आणि दरीत त्याच्यावरही भरवसा नको. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातेवाइकाकडून आणवायचा विचार असेल तर सोडून द्या, भारतात परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहे, विमानतळावरच अडकाल. नदी पायी ओलांडायची असेल तर सकाळी, दुपारपर्यंत बर्फ वितळून पाणी चढतं, पट्ट्याचे सँडल न्या. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या, भूक मेली असली तरी होमस्टेच्या भातावर तेवढं जातं. फॉर्मवर सही करायची वेळ आली तर 'स्वेच्छेने' खोडून 'तब्येत बिघडल्यामुळे, गाइडच्या सल्ल्याने' असं पेनने लिहा आणि फोटो काढून ठेवा.

नवीन चार्ट मिळाला की इथे टाका, मुक्कामांच्या उंच्या घालून बघू. सासऱ्यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत ते मात्र इथे नको, डॉक्टरांनाच दाखवा.